डबी खरी, पावडर खोटी

चार हजार तीनशे पन्नास रुपये. ऑनलाइन खरेदीत फसले, त्यात इतके गेले. आकडा आधीच सांगून टाकते, नाहीतर "पण गेले किती?" हे विचारताना लोक उगाच अवघडतात. त्यात आठ इंक पॅड, चार डब्या एम्बॉसिंग पावडर (ओल्या शाईवर टाकून तापवली की अक्षरांना चमकदार उठाव देणारी), स्टेन्सिलचा एक संच आणि वर कुरिअरचे अडीचशे.

मी डोंबिवलीत घरच्या घरी ग्रीटिंग कार्डं करते, नऊ वर्षं झाली. नवखी असते तर चार जणींना विचारून घेतलं असतं. मला वाटलं, माल आपल्याला कळतो.

एप्रिलमध्ये ठाण्याच्या एका ताईंची ऑर्डर आली. मुलाच्या मुंजीला येणाऱ्यांना द्यायला साठ आभारकार्डं. पांढऱ्या जाड कार्डस्टॉकवर हळदीच्या पिवळ्यातून केशरीत उतरत जाणारा रंग, त्यावर स्टेन्सिलने पळसाची पानं (बटूच्या हातात पळसाचा दंड असतो म्हणून, शिवाय पळसाला पानं तीनच, कापायला सोपी) आणि मधोमध सोनेरी उठावातलं "आभार". त्यांना नमुना आवडला, पण माझे पिवळे-केशरी पॅड सुकत आले होते आणि सोनेरी पावडर तळाला गेली होती. एरवी मी सरळ मुंबईत मस्जिद स्टेशनला उतरून अब्दुल रहमान स्ट्रीटचा बाजार गाठते. पण एप्रिलचं ऊन, लोकलची गर्दी... आणि त्याच दिवशी मोबाइलवर हे सामान विकणारं एक पेज समोर आलं.

डिस्ट्रेस ऑक्साइडचे पॅड दोनशे चाळीसला! हे पॅड अमेरिकेच्या रेंजर कंपनीचे, २०१७ साली आलेले. त्यांची शाई कागदावर थोडा वेळ ओली राहते, म्हणून ब्रश गोल गोल फिरवला की दोन रंग एकमेकांत सांधा न दिसता मिसळतात. वर पाण्याचे थेंब शिंपडले की फिकट, खडूसारखे ठिपके उमटतात. मला एक पॅड सहाशेच्या आतबाहेर पडतो. मी विचारलं, इतकं स्वस्त कसं? "मॅम, दुकान बंद करतोय, स्टॉक क्लिअरन्स." पुरावा म्हणून व्हिडिओ आला. कार्डावर पावडर, वर हीट गन (गरम हवा सोडणारं यंत्र), आणि बघता बघता दाणेदार अक्षरं वितळून आरशासारखी चकचकीत झाली. मी तो तीनदा पाहिला. चौथ्यांदा पाहिला तो पैसे गेल्यावर, आणि तेव्हा कोपऱ्यातला प्लग दिसला. दोन चपट्या पिनांचा, अमेरिकेतला. आपल्याकडे गोल पिना. व्हिडिओ कुणाचा तरी उचललेला होता.

कॅश ऑन डिलिव्हरी नव्हती. पैसे पेजच्या नावावर नाही, कुणाच्या तरी खासगी यूपीआयवर. आणि एक अट: पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढला तरच तक्रार ऐकू. मला ती अट प्रामाणिकपणाची खूण वाटली. पण यात खोच आहे. डब्या सीलबंद, लेबलं चोख, सगळं मोजून बरोबर. माल ठीक पोचल्याचा पुरावा मीच माझ्या हाताने काढून पाठवला. आत काय भरलंय ते वापरल्याशिवाय कळणारच नव्हतं.

वापरलं. पॅडची शाई कागदाला लागताक्षणी आत शोषली जायची, ब्रशची वर्तुळं तशीच दिसत राहायची. पाणी शिंपडलं तर नुसता ओघळ. पावडरची तऱ्हा आणखी वाईट. चिकट शाईने "आभार" छापलं, पावडर टाकली, झटकली, हीट गन धरली. खरी पावडर म्हणजे प्लास्टिकचे बारीक कण. ती काही सेकंदांत वितळते. ही वितळेचना. कागद वाकला, कडेला तपकिरी झाला, करपल्याचा वास आला. बोट फिरवलं तर सोनं बोटावर आणि "आभार" गायब.

विक्रेत्याला कळवलं. उत्तर: "मॅम, तुमची हीट गन वीक असेल. हवेत ओलावा पण आहे ना." डोंबिवलीत ओलावा कधी नसतो? पण मी दोन दिवस त्यावर विश्वास ठेवला. गन आणखी जवळ धरून बघितली, कागदाच्या खालून तापवून बघितलं. चौदा कार्डं वाया गेली. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अगं, ती तुझी जुनी डबी खरवडून बघ की." तळाशी चिमूटभर उरली होती. टाकली, गन धरली, आणि दहा सेकंदांत चमकली. त्याच गनने, त्याच हवेत. मी तो फोटो पाठवला आणि ब्लॉक झाले.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन केला. त्यांनी व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक मागितला, तो हाताशी ठेवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार केली. तिथे विक्रेत्याचं नाव-पत्ता विचारला आणि माझ्याकडे तो नव्हताच. ऑनलाइन विकणाऱ्याने आपलं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क ठळक द्यायचा, असं २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. त्या पेजवर यातलं काहीच नव्हतं. मी फक्त किमती वाचल्या होत्या. पैसे अजून आलेले नाहीत.

ठाण्याच्या ताईंना खरं काय ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळची लोकल पकडून सोनेरी पावडर आणली, काउंटरवरच दुकानदाराला म्हटलं, आधी चिमूटभर वितळवून दाखवा. त्याने लायटर काढून चमच्यात वितळवून दाखवली, वर चहा विचारला. ऑक्साइड मिळाले नाहीत, म्हणून साध्या शाईवर भागवलं आणि पानं थोडी मोठी केली, सांधे झाकायला. साठ कार्डं मुंजीच्या आदल्या संध्याकाळी पोचली.

गेल्या आठवड्यात तोच व्हिडिओ पुन्हा दिसला. पेजचं नाव वेगळं, कोपऱ्यात तोच प्लग. पॅड आता दोनशे वीसला आहे.