वॉरियर्स-लेकर्सच्या तिकिटांच्या नावाखाली माझे १,३२० डॉलर गेले, तुमचे जाऊ देऊ नका

बे एरियातल्या देसी बाय-सेल ग्रुपवर कोणी "इमर्जन्सीमुळे इंडियाला निघालोय, गेमची ४ तिकिटं द्यायची आहेत" असं टाकलं तर आधी हे वाचा. माझे १,३२० डॉलर गेलेत, तेव्हाच्या रेटने एक लाख बारा हजार रुपये. नवरा म्हणाला लिहू नकोस, लोक नावं ठेवतील. ठेवू देत. लाज वाटतेच आहे, पण सगळे लाजून गप्प बसतात म्हणूनच या लोकांचं फावतं.

गेम होती २५ डिसेंबर २०२४ ची, सॅन फ्रान्सिस्कोला चेस सेंटर स्टेडियममध्ये, एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची, वॉरियर्स विरुद्ध लेकर्स, संध्याकाळी ५ ची. नागपूरहून आई-बाबा आले होते. बाबा कॉलेजात बास्केटबॉल खेळलेले, आणि त्यांनी एनबीए आयुष्यभर टीव्हीवरच बघितलेलं. आमच्यापैकी कोणीच कधी प्रो गेम प्रत्यक्ष पाहिली नव्हती. मुलगा वॉरियर्सच्या स्टेफ करीचा भक्त. लेकर्सचा लेब्रॉन पाचच दिवसांनी, ३० डिसेंबरला, ४० चा होणार होता, करी ३६ चा, हे दोघं समोरासमोर अजून किती वेळा खेळणार? त्यामुळे या एका गेमसाठी मी जरा हात सैल सोडायचं ठरवलं होतं. आईला तीन तास बसवणार नाही म्हणून ती घरी थांबणार होती, म्हणजे मी, नवरा, बाबा आणि मुलगा.

तिकिटांच्या अ‍ॅपवर अगदी वरच्या सीट्स फी धरून एकेक चारशे डॉलरच्या पुढे दाखवत होत्या. आणि ग्रुपवर एकाने २०० नंबरच्या सेक्शनमधल्या चार सीट्स एकेक २८० ला टाकल्या. आता कोणी म्हणेल एवढं स्वस्त बघूनच कळायला हवं होतं. नाही हो, २८० काही स्वस्त नाही. पन्नासला देतो म्हणाला असता तर मीही ढुंकून पाहिलं नसतं. माझं कामच क्यूएचं आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधते. हे लोक किंमत बरोबर अशी लावतात की संशयही येऊ नये आणि सोडवतही नाही. शिवाय तो मराठीत बोलत होता. "ताई, सासरे आयसीयूत आहेत, आम्ही तिघं उद्या पुण्याला निघतोय, जेवढ्याला घेतली तेवढ्यालाच देतोय." प्रोफाइल जुनं, त्यावर गणपतीचे फोटो, बायको-मुलीचे फोटो, आमच्या ओळखीतले दोघं त्याच्या फ्रेंडलिस्टमध्ये. नंतर कळलं की ते अकाउंट एका खऱ्या माणसाचं होतं आणि हॅक झालं होतं. म्हणजे म्युच्युअल फ्रेंड्स दिसले म्हणून निश्चिंत होऊ नका, त्या म्युच्युअल फ्रेंडला सरळ फोन लावा.

आता ते सांगते ज्याने माझी अजून झोप उडते. मी झेल (बँकेच्या अ‍ॅपमधून फोन नंबरवर पैसे पाठवायची सोय) करायला त्याचा नंबर टाकला तर स्क्रीनवर भलतंच नाव आलं. आडनाव सोडा, माणूसच वेगळा. मी विचारलंसुद्धा! तर म्हणाला, "ताई, माझं आजचं लिमिट संपलंय, तिकिटं काढण्यात गेलं, हा रूममेटचा नंबर आहे." रूममेट. ज्या माणसाने पाच मिनिटांपूर्वी बायको, मुलगी, सासरे सगळं सांगितलं त्याला रूममेट कुठून आला? आणि पैसे पाठवायचं लिमिट संपलं तर पैसे घ्यायला काय अडतं? ही दोन्ही वाक्यं माझ्या चॅटमध्ये एकाखाली एक आहेत, आजही उघडून बघते आणि तळपायाची आग मस्तकात जाते. स्वयंपाक चालू होता, मुलगा शेजारी उभा राहून "आई झालं का, झालं का" करत होता, आणि तो समोरून लिहीत होता की अजून एक फॅमिली मागतेय, दहा मिनिटं थांबतो. ते नाव मी दोन सेकंद बघितलं आणि बटण दाबलं. ५६० आधी, "दोन तिकिटांचे". त्याने थँक्यू ताई लिहिलं, मग उरलेले ५६०. झेलमध्ये येणारं नाव आणि विकणाऱ्याचं नाव जुळलं नाही तर तिथेच थांबा, बायको, भाऊ, रूममेट, काहीही सांगू दे.

२४ तारखेला रात्री म्हणे ट्रान्सफर अडकलंय, नाव बदलायला २०० डॉलर डिपॉझिट लागतंय, गेमनंतर परत मिळेल. १,१२० आधीच गेलेले, दुसऱ्या दिवशी गेम, बाबांनी नवीन स्वेटर काढून ठेवलेला. पाठवले. ट्रान्सफर करायला असलं डिपॉझिट कोणी घेत नाही, हे आता मला विचारा. खरं ट्रान्सफर म्हणजे तिकिटं विकणाऱ्या टिकेटमास्टर कंपनीकडूनच तुम्हाला मेल येते, तुम्ही अ‍ॅक्सेप्ट करता, तिकीट तुमच्या स्वतःच्या अकाउंटमध्ये दिसतं आणि देणाऱ्याचा बारकोड बंद होतो. मला आले चार स्क्रीनशॉट. "लिंक आली नाही तर गेटवर हेच दाखवा." अ‍ॅपमधला बारकोड सारखा बदलत असतो, त्यावरून रेघ फिरत असते, त्याचा फोटो चालतच नाही. पण ज्याने आयुष्यात अशा गेमचं तिकीट कधी काढलंच नाही त्याला हे कसं माहीत असणार? मला थिएटरचं तिकीट माहीत, तिथे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो चालतो.

गेटवर लाल लाइट. परत लाल. स्कॅन करणारी मुलगी बिचारी चांगली होती, म्हणाली बॉक्स ऑफिसला विचारा. तिथल्या माणसाने एका मिनिटात सांगितलं की या सीट्सची तिकिटं दुसऱ्याच कोणाच्या अकाउंटला आहेत आणि ते लोक आत गेलेसुद्धा. मागे पिवळ्या-निळ्या जर्सीतली गर्दी सरकतेय आणि बाबा मला म्हणतात, "जाऊ दे गं, टीव्हीवर जास्त नीट दिसतं." ते वाक्य मला पैशांपेक्षा जास्त लागलं. चेस सेंटरच्या गेमचं तिकीट असलं की म्युनीचं (सॅन फ्रान्सिस्कोच्या बस-ट्रामचं) वेगळं लागत नाही, येताना त्याच भरवशावर टी लाइनच्या ट्रामने आलो होतो. परत जाताना चौघांची तिकिटं काढली. गेमचा शेवट मुलाने बार्ट ट्रेनमध्ये फोनवर बघितला, करीने अगदी शेवटच्या सेकंदांत थ्री (लांबून तीन पॉइंटचा शॉट) टाकून ११३-११३ केलं आणि लगेच रीव्ह्जने लेअप मारून लेकर्सना ११५-११३ जिंकवलं. करीचे ३८ पॉइंट. आम्ही तेव्हा आत असायला हवं होतं.

आता बँक. त्याच रात्री फोन केला, तासभर होल्डवर ठेवून बाईंनी विचारलं, पेमेंट तुम्हीच केलं ना? हो. मग ते ऑथराइज्ड आहे. अहो, पण फसवून करून घेतलं! "मॅम, तुम्ही विक्रेत्याशी बोलून बघा." कोणता विक्रेता? क्लेम टाकला, तर काही दिवसांनी दोन ओळींचं पत्र, क्लेम नामंजूर. कायदा असा की चोराने तुमच्या अकाउंटमध्ये घुसून पैसे पाठवले तर बँक जबाबदार, पण त्याने तुम्हाला गंडवून तुमच्याच हाताने पाठवायला लावले तर तुमचे तुम्ही. ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याचं नाव, नंबर, बँक सगळं त्यांना दिसतंय, तरी "प्रायव्हसी". चोराची प्रायव्हसी! लंडनची मावसबहीण म्हणाली त्यांच्याकडे ७ ऑक्टोबर २०२४ पासून अशा फसवणुकीचे पैसे बँकांना परत द्यावे लागतात, काही अटी आहेत पण ८५,००० पौंडांपर्यंत. आणि इथे? आमच्या गेमच्या पाच दिवस आधी, २० डिसेंबरला, कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरो या ग्राहकांसाठीच्या सरकारी संस्थेने झेल चालवणाऱ्या कंपनीवर आणि तीन मोठ्या बँकांवर केस टाकली होती, की फसवणूक रोखायला पुरेसं केलं नाही. मला वाटलं आता काहीतरी होईल. मार्च २०२५ मध्ये ब्युरोने स्वतःच केस मागे घेतली. मग सामान्य माणसाने जायचं कुठे?

पोलिसांचं तर विचारूच नका. ऑनलाइन रिपोर्ट भरला तो रिजेक्ट झाला, का, तर मी आरोपीचा नंबर दिला होता आणि ऑनलाइन रिपोर्ट फक्त आरोपी अज्ञात असेल तरच घेतात. म्हणजे माहिती दिली हाच गुन्हा. प्रत्यक्ष गेले तर ऑफिसर म्हणाला नंबर दुसऱ्या स्टेटचा आहे, इथून फार काही होणार नाही, आणि हे सिव्हिल मॅटरसारखं वाटतंय. खूप मागे लागल्यावर रिपोर्ट नंबर दिला. तो सोडू नका, घ्याच, बँकेत अपील करताना तो मागतात. एफबीआयच्या आयसी३ या ऑनलाइन गुन्ह्यांच्या तक्रारींच्या साइटवरही तक्रार टाका, चॅट डिलीट व्हायच्या आत सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून. मी अपील केलंय, अजून उत्तर नाही.

ग्रुपच्या अ‍ॅडमिनने काय केलं? माझी वॉर्निंगची पोस्ट काढून टाकली, "ग्रुपचं वातावरण खराब होतं" म्हणून. त्या भामट्याची पोस्ट मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत होती.

तिकीट घ्यायचंच असेल तर टीमच्या अधिकृत अ‍ॅपवरच घ्या, फी जास्त लागली तरी. ओळखीच्याकडून घेतलंत तर आधी ट्रान्सफर अ‍ॅक्सेप्ट करा, मगच पैसे द्या. अनोळखी विक्रेत्याकडे क्रेडिट कार्ड चालत नसेल तर व्यवहारच नको, कार्डावर निदान डिस्प्यूट टाकता येतो.

परवा मैत्रिणीने सॅन होजेच्या एका ग्रुपवरचा स्क्रीनशॉट पाठवला. वेगळं प्रोफाइल, वेगळी गेम, पण मजकूर शब्द न् शब्द तोच, "ताई" पासून "सासरे आयसीयूत" पर्यंत. ती पोस्ट तुम्हाला दिसली तर लगेच रिपोर्ट करा, आणि खाली कोणी "इंटरेस्टेड" लिहिलं असेल तर त्यांना मेसेज करून थांबवा.