बाळाच्या नावासाठी पेड सर्व्हिस: पीडीएफ नको, फोन घ्या

आधी रेटिंग देऊन टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. पीडीएफ रिपोर्टला दीड स्टार, फोनवरच्या बाईंना पाच, आणि सारखे मेसेज टाकून घाबरवणाऱ्या त्यांच्या सेल्सवाल्यांना शून्य. सर्व्हिसचं नाव लिहीत नाहीये, कारण अशा डझनभर आहेत आणि सगळ्यांच्या जाहिराती साधारण सारख्याच असतात, "युनिक बट ट्रॅडिशनल" वगैरे.

आमची गरज साधी होती. मुलगी झाली, नाव जुन्या वळणाचं हवं होतं पण वर्गात चार जणी नकोत. बिल्डिंगमध्ये ऑलरेडी दोन स्वरा, एक अन्वी, एक आध्या आणि तीन का चार मायरा आहेत, संध्याकाळी खाली कुणी हाक मारली की निम्मी बाग वळून बघते. पॅकेज दीड हजाराच्या आसपास होतं, त्यात पत्रिकेवरून अक्षर, शंभरेक नावांची यादी आणि एक कॉल.

फॉर्म भरतानाच शंका आली. त्यात "मिडल नेम थीम" असा कॉलम, आणि ऑप्शन काय तर निसर्ग, देवता, रॉयल. अरे बाबा, मराठी माणसाच्या मधल्या नावाला थीम कसली आलीये, तिथे बाप बसलेला असतो. आणि आता तर आईसुद्धा. १ मे २०२४ ला किंवा नंतर जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र सरकारचा नियमच आहे, सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. म्हणजे मधलं नाव निवडायचं नसतंच, पहिलं नाव असं निवडायचं की मागे दोन नावं आणि आडनाव लागल्यावर ते नीट उभं राहिलं पाहिजे. हे या लोकांच्या सॉफ्टवेअरला माहीतच नाही. आम्ही कॉलम रिकामा सोडला तर फॉर्म पुढे जाईना, शेवटी नवऱ्याने "रॉयल" केलं.

पीडीएफ आली. मुलीचं नक्षत्र हस्त, तिसरा चरण. ज्यांनी पंचांगातलं अवकहडा चक्र, म्हणजे नक्षत्राच्या चरणावरून नावाचं अक्षर सांगणारा तक्ता, पाहिलंय ते आत्ताच हसले असतील, कारण हस्ताची अक्षरं आहेत पू, ष, ण, ठ, आणि तिसऱ्या चरणाला येतो ण. णवरून मुलीचं नाव सांगा बघू. या रिपोर्टने सांगितलं! णमिता. णंदिनी. णेहा सुद्धा होतं. सरळ नची यादी उचलून पहिलं अक्षर बदललंय आणि प्रत्येकापुढे "अत्यंत दुर्मीळ" असं हिरव्या रंगात. दुर्मीळ असणारच की हो.

पुढे "व्हिंटेज मराठी" म्हणून एक पान आहे आणि त्यावर मात्र मला खरंच राग आला. त्यात धोंडूबाईच्या खाली "नकुशा" आणि अर्थ लिहिलाय "कोमल". नकोशी झालेल्या मुलीला नकुशा म्हणायचे हे इथे शेंबड्या पोराला माहिती आहे, २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींची नावं जाहीर कार्यक्रम करून बदलली होती, आणि तुम्ही तेच नाव पैसे घेऊन विकताय. यादी कुणी माणसाने एकदा तरी वाचली असती तर हे झालं नसतं. उरलेली पानं शनाया, कियारा वगैरे, ती फुकटच्या कुठल्याही ॲपवर मिळतात. अर्थ सगळ्यांचे एकतर "देवीचं नाव" नाहीतर "सूर्याचा किरण".

सेल्सवाल्यांचं थोडक्यात सांगते. त्यांचे मेसेज यायचे, "२१ दिवसांत नाव फायनल करा, नाहीतर प्रॉब्लेम", आणि खाली अर्जंट डिलिव्हरीचे जास्तीचे पैसे. हे अर्धसत्य आहे. २१ दिवस आहेत ते जन्माची नोंद करायला, आणि हॉस्पिटलमध्ये बाळंतपण झालं असेल तर ती नोंद हॉस्पिटलच कळवतं. नाव न टाकता नोंद होते, मग १२ महिन्यांच्या आत नाव घालायला फी नाही, त्यानंतर लेट फी भरून १५ वर्षांपर्यंत घालता येतं. तरी उगाच रखडवू नका, कारण १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट, आधार सगळीकडे जन्मदाखलाच लागतो. पण बाळंतिणीला रात्री साडेअकराला घाबरवण्यासारखं त्यात काही नाही. (नणंद न्यू जर्सीला असते, तिकडे हॉस्पिटलमधून निघायच्या आतच फॉर्म पुढे करतात त्यामुळे तिच्या मुलाचं बारसं नंतर आणि नाव आधी असं झालं, तिने मिडल नेमच्या जागी सरळ नवऱ्याचं नाव टाकलं.)

आता फोन. मी कॅन्सलच करणार होते, पण पैसे भरलेले होते म्हणून घेतला. पलीकडे एक रिटायर्ड संस्कृतच्या शिक्षिका. त्यांनी पहिल्या वाक्यात विचारलं, "रिपोर्ट वाचलात? मग तो बाजूला ठेवा." तिथेच मला बरं वाटलं. मग म्हणाल्या की ण आला म्हणून एवढं टेन्शन घ्यायचं कारण नाही, जन्मनाव वेगळं आणि हाकेचं नाव वेगळं ही पद्धत जुनीच आहे, बारशाला ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने नावं लिहितात तेव्हा देवतानाव, मासनाव, नक्षत्रनाव आणि व्यवहाराचं नाव अशी चार लिहितात ना, मग ण त्यातल्या एकात जाऊ दे. आणि सासूबाईंना अक्षर हवंच असेल तर तिच्या कन्या राशीतलं कुठलंही घ्या, टो, पा, पी, पू, पे, पो सगळी त्यातलीच, जोडाक्षर असलं तर पहिला वर्ण धरायचा. सासूबाई शेजारी बसून ऐकत होत्या, त्यांनी लगेच मान डोलावली, म्हणजे घरातला अर्धा प्रश्न तिथेच मिटला.

मग त्यांनी नावं सांगितलीच नाहीत, उलट आमचीच चौकशी सुरू. गाव कुठलं, कुलदैवत कोण, पणजीचं नाव काय, घरात कुणाला काय हाक मारतात. पणजी द्वारका होती, पण ते नाव घरात कुणी घेतच नव्हतं, सुना सासूचं नाव कसं घेणार, म्हणून सगळे "माई". बाई म्हणाल्या, थोरामोठ्यांचं नाव ठेवणार असाल तर आधी ठरवा की ते हाकेला वापरणार आहात ना, नाहीतर कागदावर द्वारका आणि घरात पिंकी, मग काय उपयोग. मुलगा असता तर विष्णुसहस्रनामातच बघा म्हणाले असते असंही म्हणाल्या, सुपर्ण, सुषेण, प्रांशु अशी नावं तिथे पडून आहेत आणि लोक आरव आरव करतायत. मुलींसाठी त्यांचा जोर नद्यांवर. गंगा यमुना सगळ्यांना सुचतात, पण आपल्याकडच्या नीरा, वेण्णा, गिरणा, पवना, प्रवरा घ्या ना.

प्रवराला माझा नवरा सुहास एकदम सरळ बसला, कारण त्यांचं गाव नेवाशाजवळ. रतनगडाजवळ उगम, भंडारदऱ्याचं धरण, संगमनेर, मग नेवासा, जिथे तिच्या काठावर ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि पुढे प्रवरासंगमला गोदावरीत. आणि प वरून, कन्या रास. बाईंनी लगेच दुसरी परीक्षा घेतली. पूर्ण नाव मोठ्याने म्हणा, प्रवरा मेघना सुहास आणि आडनाव, तीनदा म्हणा, एकदा रागावून म्हणा. मग म्हणाल्या, नयना ठेवलं असतंत तर नयना मेघना असं ना-ना झालं असतं, हे बरं बसतंय. मग हाकेचं रूप, "प्रवरे" चालेल का, "परू" होईल का, आणि कुणी चिडवलं तर काय चिडवेल. इथे नवरा म्हणाला, साखर कारखाना! खरंच आहे, आमच्याकडे प्रवरा म्हटलं की लोकांना लोणीचा कारखाना आठवतो, महाराष्ट्रातला पहिला सहकारी. बाई हसल्या आणि म्हणाल्या, गोड चिडवणं आहे, ठेवा.

इंग्रजी स्पेलिंगबद्दल त्यांनी सांगितलेलं मला सगळ्यात कामाचं वाटलं. नणंदेला ज्ञानदा हवं होतं, सुंदर नाव आहे, पण स्पेलिंग आपल्या पद्धतीने डीएनवायए करायचं की हिंदीवाल्यांसारखं जीवायए, इथून भांडण, आणि परदेशात पहिला डी बघूनच लोक अडतात. ऋ असेल तर आर-आय का आर-यू, ळ असेल तर त्याचा ल होणार हे गृहीत धरा. एकदा दाखल्यावर गेलं की प्रत्येक कागदावर तेच स्पेलिंग न्यायचं. आणि पासपोर्टला गिव्हन नेम आणि सरनेम असे दोनच कप्पे असतात, म्हणजे बाळ, आई, बाबा तिघं एकाच कप्प्यात दाटीवाटीने, तेव्हा पहिलं नाव पाचसहा अक्षरी असेल तर विचार करा.

कॉल ठरलेल्या वेळेपेक्षा बराच लांबला, जास्तीचे पैसे मागितले नाहीत, शेवटी "बारशाला आत्यालाच नाव ठेवू द्या, तुम्ही आधी स्टेटसला टाकू नका" असा दमही दिला. सव्वा महिन्याने बारसं केलं, आत्या व्हिडिओ कॉलवर, कानात कुर्र करायला चुलत आत्या उभी केली आणि साडीसाठी दोघींचं अजून चाललंय.

तोटे सांगायचे तर बाईंचे स्लॉट फक्त संध्याकाळचे, रविवारी बंद, आणि बुकिंग करताना माणूस निवडता येत नाही, दुसऱ्या कुणाकडे गेलात तर काय मिळेल माहीत नाही, आमच्या ओळखीत एकीला न्यूमरॉलॉजीवाला लागला आणि त्याने स्पेलिंगमध्ये एक जादा ए घालायला लावला. म्हणून कॉलच्या आधी मेसेज करून "मराठी, संस्कृतवाल्या मॅडम" असं स्पष्ट मागा, देतात. पीडीएफच्या पैशांचा रिफंड मागितलाय, त्यावर "टीम चेक करतेय" एवढंच उत्तर आलंय. फक्त कॉलचं स्वस्त पॅकेज पण आहे, ते पेजच्या एकदम खाली आहे, आणि ते घेताना "रिपोर्टसह" वर आधीच टिक केलेली असते ती काढायला विसरू नका.