नॉब कोण फिरवणार? एचएक्स स्टॉम्प, जीटी-१००० कोअर की एफएम३

गिटारचा आवाज बदलणाऱ्या मल्टिइफेक्टच्या तीन पेट्या, आणि तिन्हींवर पायाखाली तीनच स्विच: लाइन सिक्सचा एचएक्स स्टॉम्प (२०१८), बॉसचा जीटी-१००० कोअर (२०२०) आणि फ्रॅक्टल ऑडिओचा एफएम३. यांतलं कुठलं घेऊ, असं विचारणारे बहुतेक जण कोरस किती, फेझर किती (हे आवाजाला हेलकावे देणारे इफेक्ट) याची यादी करून येतात. ती यादी बाजूला ठेवा. कोरस, फेझर, फ्लँजर तिन्हींत भरपूर आहेत आणि चांगले आहेत. खरा प्रश्न असा, की वाजवताना दोन्ही हात गिटारवर असतात तेव्हा इफेक्टचा नॉब कोण फिरवणार? तुमचा पाय, मशिनचं घड्याळ, की पिक धरलेला हात?

आधी सिग्नलच्या वाटांचं बघू. १९७५ च्या रोलंड जेसी-१२० या अॅम्पचा कोरस ज्यांनी समोर बसून ऐकलाय, त्यांना ठाऊक असेल: एका स्पीकरमधून कोरा आवाज येतो, दुसऱ्यातून सूर किंचित वरखाली होणारा, आणि दोघांची भेट खोलीतल्या हवेत होते. ही मांडणी तिन्ही पेट्यांवर जमते. स्टॉम्पवर ती सगळ्यांत लवकर हाताला येते. वाय-स्प्लिट टाका (सिग्नल दोन्ही वाटांना सारखाच जातो), खालच्या पाथवर व्हायब्रेटो, म्हणजे सूर वरखाली करणारा इफेक्ट, ठेवून मिक्स १०० टक्के करा आणि शेवटच्या मिक्सरमध्ये ए (वरची वाट) पूर्ण डावीकडे, बी (खालची) पूर्ण उजवीकडे न्या. रेट (हेलकाव्याचा वेग) सावकाश, डेप्थ (त्याची खोली) जेमतेम जाणवेल इतकीच. हाच पॅच (जतन केलेली मांडणी) मी एका कॉलेजच्या गॅदरिंगला वापरला आणि साउंडवाल्याने दोन वायरींपैकी फक्त डावी घेतली. समोर नुसता कोरा आवाज गेला, व्हायब्रेटो कुणाच्याच कानावर पडला नाही. मोनोत (एकाच वायरीतून) वाजवायची वेळ येणार असेल, तर अशा पॅचची मोनो प्रत आधीच करून ठेवा.

स्टॉम्पमध्ये क्रॉसओव्हर स्प्लिटही आहे: ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या खालचा आवाज एका वाटेने, वरचा दुसऱ्या वाटेने. खर्ज कोरा आणि वर ट्रेमोलो (आवाज लहानमोठा करणारी थरथर), हे फिंगरस्टाइलला फार सुंदर लागतं. मात्र जाड तारा एकीकडे आणि बारीक तारा दुसरीकडे अशी स्वच्छ वाटणी होईल, ही अपेक्षा ठेवू नका. मोकळी जाड तार ८२ हर्ट्झची आणि मोकळी बारीक तार ३३० हर्ट्झची असली, तरी जाड तारेचे हार्मोनिक्स त्याच्या कितीतरी वर जातात. तेही ट्रेमोलोत सापडतात. मला ते आवडतं.

स्टॉम्पची खरी ताकद पायात आहे. पायाने पुढेमागे करायचं एकच एक्स्प्रेशन पेडल अनेक पॅरामीटरना जोडता येतं, प्रत्येकाला वेगळी किमान-कमाल मर्यादा देता येते आणि ती उलटीही टाकता येते. पाय पुढे गेला की फेझरचा वेग वाढतो, त्याच हालचालीत डिले मागे सरतो. पण कुठल्याही नॉबला लावता येईल असा स्वतःचा एलएफओ (ठरावीक वेगाने आपोआप वरखाली होणारा संकेत) त्यात नाही. तसं हवं असेल तर बाहेरून मिडी सीसी (नॉब हलवणारा डिजिटल संदेश) पाठवावा लागतो. शिवाय एकूण ब्लॉक (इफेक्ट ठेवायची घरं) आठच, त्यामुळे दोन समांतर वाटा केल्या की जागा पटकन संपते.

बॉसने ही उणीव जुन्या जीटी मालिकेपासूनच भरून काढली आहे. असाइनमध्ये (कुठला नॉब कशाने हलवायचा ते ठरवतात तिथे) सोर्स म्हणून ‘वेव्ह पेडल’ निवडा. सॉ, ट्रँगल किंवा साइन आकारात एक अदृश्य पेडल आपोआप पुढेमागे होत राहतं. ‘इंटर्नल पेडल’ एकदा ट्रिगर झालं की दिलेल्या वेळात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातं. चार बारमध्ये रिव्हर्ब हळूहळू भरत न्यायचा असेल तर याहून सोपी सोय नाही. सिग्नल दोन वाटांत वाटणाऱ्या डिव्हायडरमध्ये डायनॅमिक मोडही आहे: हळू छेडलं तर एक वाट, जोरात मारलं तर दुसरी. सेन्सिटिव्हिटी मात्र प्रत्येक गिटारला नव्याने लावावी लागते, कारण हंबकर आणि सिंगल कॉइल या पिकअपच्या आउटपुटमध्ये बराच फरक असतो.

एफएम३ मध्ये मात्र प्रश्नच पालटतो. तिथे एलएफओ, एडीएसआर (एकदा सुटून चढ-उतार घेणारा), एन्व्हलप फॉलोअर (वाजवण्याच्या जोरामागे जाणारा), पिच (सुरामागे जाणारा) आणि ३२ पायऱ्यांपर्यंतचा सीक्वेन्सर हे सगळे नॉब फिरवणारे हात आहेत, आणि मॉडिफायरची (हे हात नॉबला जोडण्याची) सोय असलेल्या कुठल्याही पॅरामीटरला ते जोडता येतात. माझा आवडता प्रयोग सांगतो. ट्रेमोलोच्या रेटला एन्व्हलप फॉलोअर लावा. कॉर्ड जोरात मारली की थरथर वेगात सुरू होते आणि आवाज विरत जाईल तशी तीही मंदावते, फिरता पंखा बंद केल्यावर पाती सावकाश थांबावीत तशी. मॉडिफायरमधलं डॅम्पिंग (हालचाल मऊ करणारं) शून्याजवळ असेल तर हे झटके देतं. ते थोडं वाढवा, मग हालचालीत जीव येतो. यासाठी वेळ द्यावा लागतो. पहिले काही आठवडे वाजवणं कमी आणि ग्राफकडे बघणंच जास्त होतं. तिघांत महागही हाच, आणि अॅम्प ब्लॉक एकच. दोन अॅम्प शेजारी-शेजारी लावायचे असतील तर एफएम३ कडे वळू नका.

आठवड्याला गिग असेल, पाय सरावलेला असेल आणि पॅच स्टेजवरच दुरुस्त करायची सवय असेल, तर स्टॉम्प घ्या. घरी बसून अँबियंट थर रचत असाल तर पैसे साठवून एफएम३. दोन्ही थोडं थोडं करणाऱ्याला मी जीटी-१००० कोअर सुचवेन. दुकानात गेलात की प्रीसेट ऐकत बसू नका. रिकामा पॅच उघडा, एक फेझर ठेवा आणि त्याचा डेप्थ पाय न लावता हलवून दाखवा म्हणून विक्रेत्याला सांगा.