सड्यावरचं गोल्फ आणि आमचे सव्वातीन लाख

सिंधुदुर्गात हायवेलगतच्या हॉटेलांतून गोल्फ आणि कंट्री क्लबची सदस्यत्वं विकणारी मंडळी फिरत आहेत. आमच्याकडून त्यांनी ३,२४,५०० रुपये घेतले. मैदान नाही, क्लब नाही आणि पैसे परत द्यायचं नावही नाही. कणकवली, देवगड, मालवण भागात अजून किती घरांत या सदस्यत्वाच्या कागदांची निळी फाइल कपाटात पडून असेल देव जाणे. म्हणून रकमांसकट सगळं लिहितो आहे.

सुरुवात पेट्रोल पंपावर भरून घेतलेल्या कुपनाने झाली. नाव, फोन, मुलं किती, मुलांना कसली आवड, घरी गाडी आहे का, क्रेडिट कार्ड आहे का, असे साधे प्रश्न होते. चार दिवसांनी फोन आला. ‘काका, अभिनंदन, तुमच्या कुपनाला बक्षीस लागलंय. शनिवारी काकूंना घेऊन या, जेवण आमच्याकडेच.’ काकूंना घेऊनच या, हे त्या मुलीने पुन्हा पुन्हा बजावलं. एकटा आलेला माणूस ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून उठू शकतो. दोघं समोर बसली की ती वाट बंद होते. नवरा-बायको दोघांनी यायची सक्ती दिसली की तिथेच सावध व्हा.

आमचा मुलगा नववीत आहे. मामाकडे खारघरला गेला होता तेव्हा सिडकोच्या गोल्फ कोर्सवर त्याने पहिल्यांदा स्टिक हातात धरली आणि त्याला त्या खेळाचं वेडच लागलं. कुपनावर आवडीच्या रकान्यात तेच लिहिलेलं होतं. हॉटेलात आमच्या टेबलावर जो तरुण बसला, तो घर आणि गाव सोडून थेट मुलावरच आला. ज्युनिअर कोचिंग, राज्य पातळीवरच्या स्पर्धा, परदेशातल्या विद्यापीठांच्या शिष्यवृत्त्या. ‘देवगडजवळ सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, अठरा होलचं मैदान होतंय. आज पुण्या-मुंबईची मुलं खेळतात, उद्या त्यांना शिकायला आपल्याकडे यावं लागेल.’ मुलासाठी काही होत असेल तर कुठल्या आईबापाचा जीव ओढ घेणार नाही? त्यांना ते नेमकं ठाऊक असतं.

आत गाणी मोठ्याने लावलेली. मधूनच एखाद्या टेबलावर टाळ्या पडत आणि माइकवरून अमुक कुटुंबाचं स्वागत होई. आधी सांगितलेला दर साडेचार लाख. आम्ही उठायला लागलो तसा सूट घातलेला ‘मॅनेजर’ आला, त्या तरुणाला आमच्यासमोरच बोलला आणि ‘संस्थापक सदस्य’ म्हणून २,७५,००० चा दर काढून दिला. फक्त आजच्या दिवसापुरता. कागद घरी नेऊन वाचू म्हटलं तर करार ‘सिस्टिममधून’ सही झाल्यावरच निघतो म्हणाले. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४९,५००. पंचवीस हजार तिथेच डेबिट कार्डावर घेतले, उरलेले क्रेडिट कार्डावर, आणि बँकेकडून त्याचे हप्ते पाडून देतो असं सांगितलं. घरी यायला रात्रीचे अकरा वाजले. बक्षीस म्हणून तीन रात्रींच्या मुक्कामाचं व्हाउचर मिळालं. त्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात ‘प्रक्रिया शुल्क वेगळे’ असं छापलेलं आहे.

करार कुरिअरने आला. तो मी हिशेबाची वही घेऊन वाचला. तोंडी सांगितलेलं एकही आश्वासन त्यात नाही. उलट एक कलमच आहे की प्रतिनिधीने तोंडी दिलेली कोणतीही हमी कंपनीवर बंधनकारक नाही. सगळ्यात मोठा खर्च तर वेगळ्याच पानावर निघाला. वार्षिक देखभाल शुल्क २१,००० अधिक जीएसटी, म्हणजे २४,७८०. ते मैदान सुरू झाल्यापासून नाही, तर सहीच्या तारखेपासून. दर वर्षी त्यात १० टक्के वाढ. सदस्यत्व पंचवीस वर्षांचं. वहीत मांडून बघा: पहिल्या दहा वर्षांतच हा आकडा जवळपास चार लाखांवर जातो, म्हणजे सदस्यत्वाच्या किमतीपेक्षा जास्त. पंचवीस वर्षांत चोवीस लाखांच्या वर. आणि एवढं भरून खेळायला मिळतं असंही नाही. ‘ग्रीन फी, कॅडी, कार्ट व सरावाचे चेंडू यांचे दर वेळोवेळी ठरतील’ एवढी एकच ओळ आहे. ग्रीन फी म्हणजे मैदानावर खेळायचे पैसे, कॅडी म्हणजे स्टिकांची पिशवी उचलणारा, कार्ट म्हणजे मैदानात फिरायची छोटी गाडी. त्या ओळीत पुढची सगळी बिलं बसतात.

गोल्फचा खर्च कसा असतो हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे आणि यांचा धंदा त्यावरच चालतो. तो पुढे सांगतो, कारण हे आधी कळलं तर त्या टेबलावर कुणाचं काही चालणार नाही. खऱ्या क्लबात एकरकमी प्रवेश शुल्क असतं, वार्षिक किंवा मासिक वर्गणी असते. काही ठिकाणी महिन्याला ठरावीक खर्च क्लबात करावाच लागतो, नाही केला तरी बिलात येतो. त्यानंतर प्रत्यक्ष फेरीचे पैसे: मैदानाची फी, कॅडीचे पैसे, कार्ट घेतली तर तिचं भाडं. पाहुण्याला नेलं तर त्याची फी वेगळी आणि बहुधा जास्त. एका खेळाडूला एका फेरीत चौदापर्यंत स्टिक नेता येतात. पूर्ण संच विकत घेणं हाही मोठा खर्च. हे सगळे दर क्लबाच्या कार्यालयात विचारले की छापील तक्त्यावर मिळतात. लपवण्यासारखं त्यात काही नसतं.

दुसरं म्हणजे जुने क्लब सदस्य शोधत रस्त्यावर येत नाहीत. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा, चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. अशा क्लबांत जुन्या सदस्याने नाव सुचवायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, समितीने पारखायचं आणि मग प्रतीक्षा यादीत वर्षं काढायची, अशी रीत असते. ज्याच्या दाराशी लोक रांग लावून आहेत, तो पेट्रोल पंपावर कुपनं कशाला भरून घेईल? आणि ज्याला खेळच शिकायचा आहे त्याला सदस्यत्वाची गरजच नाही. खारघरचं मैदान सिडकोचं. तिथे सदस्य नसलेल्यालाही पैसे भरून खेळता येतं. आमचा मुलगा तसाच खेळला होता. मुलाला आवड असेल तर आधी अशा ठिकाणी वर्षभर खेळू द्या, शिकवणाऱ्याची फी भरा. ते खरंखुरं शिक्षण आहे.

करार वाचून झाल्यावर आम्ही तिघं ती जागा बघायला गेलो. त्याआधी ‘काम चालू आहे, सुरक्षेमुळे बंद आहे’ म्हणून टाळत होते. देवगड तालुक्यातला उघडा सडा, जांभ्याचा कातळ, एक कमान, एक मोठा फलक. कमानीच्या आत पंधरा-वीस फुटांचा हिरवा तुकडा, त्यात लाल निशाण. जवळ गेलो तर ते प्लॅस्टिकचं गवत, कडेला खिळे ठोकून बसवलेलं. निशाणाखालचा होल मुलाने वाकून बघितला आणि म्हणाला, ‘बाबा, हा खोटा आहे. खऱ्या होलातला कप जमिनीच्या खाली असतो, इथे काठ वर आलाय.’ माझं पाइप-फिटिंगचं दुकान आहे. तो चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा होता, करवतीने कापलेला, कडेचे दातेसुद्धा घासलेले नव्हते. गोल्फचा होल नियमाने १०८ मिलिमीटर व्यासाचा असतो. चार इंची म्हणजे ११० मिलिमीटरच्या पाइपचा आतला व्यास तेवढा भरत नाही. फोटो काढायचा, ब्रोशरमध्ये छापायचा, एवढ्यापुरतंच ते केलेलं होतं.

शेजारच्या वाडीतले एक आजोबा गुरं घेऊन आले होते. त्यांना मैदानाचं विचारलं तर म्हणाले, ‘हय पावसात गवात येता, दिवाळीपर्यंत सुकता. मे महिन्यात आमका पिवचा पाणी टँकरान येता. तुमच्या गवताक खंयसून हाडतले?’ अठरा होलचं मैदान उन्हाळ्यात हिरवं ठेवायचं तर रोज लाखो लिटर पाणी लागतं. कातळावर मातीचा थरही बाहेरून आणून टाकावा लागेल. त्या जागी ना विहीर, ना तळं, ना पाइपलाइन.

मग सातबारा काढला. महाभूमीच्या संकेतस्थळावर गट नंबर टाकला की कुणालाही तो बघता येतो. क्षेत्र दोन हेक्टर चाळीस आर, म्हणजे सहा एकरही नाही. अठरा होलच्या पूर्ण मैदानाला साधारण १२० ते १५० एकर लागतात. भोगवटादारांत सहहिस्सेदारांची रांग, निम्मे मुंबईला, काही मयत आणि वारस नोंद नाही. कंपनीचं नाव कुठेच नाही. तलाठ्याकडे चौकशी केली तेव्हा कळलं की जमीन बिगरशेतीही झालेली नाही. एका हिस्सेदाराने कमान उभारायला भाड्याने जागा दिली होती, बाकीच्यांना पत्ताच नव्हता. कोकणातल्या सामाईक जमिनीवर कुणी एवढा मोठा प्रकल्प सांगत असेल तर पहिला प्रश्न हाच विचारावा की सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या कुठे आहेत. किनाऱ्यालगतची जागा असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राची, परवानगीही मागून बघावी.

‘महारेरा’चा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी नंबर मागितला तेव्हा मिळालेलं उत्तर नीट लक्षात ठेवण्यासारखं आहे. ‘आम्ही प्लॉट विकत नाही, सदस्यत्व विकतो, त्यामुळे रेरा लागत नाही.’ प्लॉट किंवा व्हिला विकायचा तर २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्रकल्पाला नोंदणी करावी लागते आणि नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. सदस्यत्वाचं नाव दिलं की या दोन्ही गोष्टी टळतात. तरी टेबलावर मात्र ‘संस्थापक सदस्यांना सवलतीत प्लॉट’ असं बोललंच जातं.

काही जोडप्यांना याहून वाईट सांगितलं गेलं: वापरलं नाही तर पाच वर्षांनी दुप्पट पैसे. असं ऐकलं की तिथून उठाच. क्लबच्या नावाने पैसे गोळा करण्याचा प्रकार महाराष्ट्राने आधी मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. हॉटेलातल्या मुक्कामाच्या रात्री विकून मुदतीनंतर वाढीव रक्कम देऊ सांगणाऱ्या पॅनकार्ड क्लब्जवर सेबीने २०१४ मध्ये बंदी घातली आणि २०१६ मध्ये पैसे परत करायला सांगितलं. रक्कम सात हजार कोटींच्या वर होती, गुंतवणूकदार पन्नास लाखांहून अधिक. आपल्या ओळखीत कुणाचे ना कुणाचे त्यात गेलेले आहेत.

‘आमचं मैदान होईपर्यंत देशभरातल्या संलग्न मैदानांवर खेळा’ हेही आश्वासन होतं. त्या यादीतल्या पुण्याच्या एका मैदानावर कंपनीचं पत्र घेऊन गेलो. तिथल्या माणसाने सौजन्याने सांगितलं की या नावाशी त्यांचा कसलाही करार नाही. यादीत नाव छापायला कुणाची परवानगी लागत नाही, एवढंच त्यातून सिद्ध झालं. यादी दाखवली की तिथल्या तिथे, त्याच टेबलावरून, एका क्लबाला फोन लावा.

आता सर्वांत महत्त्वाचं, कारण हे जाळं दुसऱ्यांदा टाकलं जातं. पैसे अडकून काही महिने झाले की वेगळ्याच नंबरवरून फोन येतो. ‘काका, तुमचं सदस्यत्व विकत घ्यायला मुंबईची पार्टी तयार आहे, साडेपाच लाख देतेय. फक्त ट्रान्सफर फी आणि जीएसटी आधी भरा.’ आपलं नाव, सदस्य क्रमांक, भरलेली रक्कम सगळं त्यांना तोंडपाठ असतं. ही माहिती आतूनच बाहेर गेलेली असते. कणकवलीच्या एका निवृत्त शिक्षक दांपत्याने असे बासष्ट हजार भरले. पार्टी आली नाही, फोनही बंद. खरा खरेदीदार असेल तर फी त्याच्या रकमेतून कापता येते, आपण आधी एक रुपयाही भरायचं कारण नाही. असे पैसे गेले असतील तर विनाविलंब १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. वेळेत कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येऊ शकते.

ज्यांनी सह्या केल्या आहेत त्यांच्यासाठी आम्ही काय केलं ते सांगतो. कंपनीला रजिस्टर्ड पोस्टाने करार रद्द केल्याचं पत्र पाठवलं, ईमेल वेगळा. बँकेला लेखी कळवलं की सेवा मिळालेली नाही, व्यवहारावर आक्षेप आहे. हे जितकं लवकर कराल तितकं बरं, कारण कार्डाच्या आक्षेपाला मुदत असते. हप्ते मात्र तोंडी भांडून थांबवू नका, थकबाकीची नोंद आपल्याच नावावर बसते. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली आणि त्यानंतर ओरोसला जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. करारात लवाद दिल्लीला लिहिला होता. त्याला घाबरून बरेच जण गप्प बसतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही आणि वकील केलाच पाहिजे असंही नाही. लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एम्मार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

तक्रारीसाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. ‘पुढच्या महिन्यात काम सुरू होतंय’ असे मेसेज त्यांच्याकडून अधूनमधून येत राहतात, ते ही दोन वर्षं निघून जावीत म्हणूनच, असं माझं ठाम मत आहे. मेसेज पुसू नका. कुपन, कार्डाची स्लिप, व्हाउचर, ब्रोशर, आलेल्या फोनचे नंबर, सगळं एका फाइलीत तारखेने लावून ठेवा. आमचं प्रकरण आयोगात दाखल झालं आहे, समोरच्याला नोटीस गेली आहे. त्याच सड्याच्या नावाने ज्यांनी पैसे भरलेत त्यांनी सातबाऱ्याची स्वतःची प्रत काढून तक्रारीला जोडावी. दोनशे रुपयांच्या आतला खर्च आहे आणि आमच्या फाइलीतला सर्वांत बोलका कागद तोच आहे.