काळ्या मातीचा प्लॉट की मुरमाचा? सांडपाण्याच्या दृष्टीने एक तुलना

इंदूरच्या बाहेर, राऊ किंवा महूच्या बाजूला, ड्रेनेज लाइन न पोहोचलेल्या ठिकाणी प्लॉट पाहणाऱ्यासमोर बहुधा दोन तऱ्हेची जमीन येते: खोल काळी माती, किंवा थोड्या मातीखाली लागणारा मुरूम. दोन्ही माळव्याच्या बेसाल्टपासूनच झालेल्या असल्या, तरी सेप्टिक टँकमधून निघणारे पाणी जिरवण्याची त्यांची क्षमता फार वेगळी असते.

काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी घेऊन फुगते आणि वाळले की आकसते. त्यामुळे मे महिन्यात भेगाळलेल्या जमिनीत ओतलेले पाणी झटकन नाहीसे होते, पण पावसाळ्यात त्याच भेगा मिटून शोषखड्डा तुंबतो. कपड्यांच्या पावडरीतून येणारा सोडियम चिकणमातीचे कण विलग करून उरलीसुरली छिद्रेही बुजवतो. म्हणूनच उन्हाळ्यातल्या कोरड्या खड्ड्यावरून निर्णय घेणे मला धोक्याचे वाटते.

मुरूम फुगत नाही व पाणी वाहून नेतो, त्यामुळे शोषखड्ड्यासाठी तो निश्चितच सरस आहे. मात्र पाणी लवकर जिरले म्हणजे ते शुद्ध झाले असे नव्हे. जंतू अडवण्याचे काम बारीक कणांची माती करते. मुरमाचा थर पातळ असून खाली भेगाळलेला कातळ असेल, तर मैलापाणी त्या भेगांतून शेजारच्या बोअरपर्यंत पोहोचू शकते. पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर अंतर हवे; अशा कातळावर मी त्याहून जास्त ठेवीन.

सौदा करण्यापूर्वी पाझर चाचणी करावी. खड्डा रात्रभर पाण्याने भरून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी पातळी २५ मिलिमीटर उतरायला किती वेळ लागतो ते पाहावे. सेप्टिक टँकविषयीच्या भारतीय मानक २४७० नुसार ३० मिनिटांपर्यंत शोषखड्डा चालतो, ३० ते ६० मिनिटांत शोषचर, म्हणजे पाणी पसरून जिरवणारे लांब उथळ चर, घ्यावे लागतात आणि त्यापुढे जमिनीत पाणी जिरवण्याचा विचार सोडावा लागतो.

खोल काळी माती बहुधा या शेवटच्या गटात जाते. तरीही तोच प्लॉट घ्यायचा असेल, तर टाकीनंतर गाळणी आणि तिचे पाणी शोषून घेणारा कर्दळीचा उंचावरचा वाफा यांची जागा व खर्च घराच्या नकाशातच धरावा.