ड्रिपरच्या डिझाइनसाठी क्लाउडवरचं एचपीसी : उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत वापरल्यावर

जळगाव एमआयडीसीत आम्ही ठिबकच्या ड्रिपरचे साचे बनवतो. ड्रिपरच्या आत पाण्याची वाट नागमोडी असते, रुंदी जेमतेम एक मिलिमीटर. दाताचा कोन जरा बदलला की ताशी दोन लिटरचं गणित बिघडतं, कोपऱ्यात गाळ धरतो. साचा कापण्याआधी हे ओपनफोम या पाण्याच्या प्रवाहाचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तपासायचं, तर मशीन दमदार हवं. आमचं वर्कस्टेशन मे महिन्याच्या ४५ अंशांत तापून मंदावायचं, लाइट गेली की रन, म्हणजे चालू गणित, गेला. म्हणून क्लाउडवरचं एचपीसी घेतलं, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणारी दमदार मशीन.

एकच रन झटपट व्हावा म्हणून कुणी घेत असेल तर थांबा. वीस-पंचवीस लाख सेलच्या (गणितासाठी पाडलेल्या बारीक तुकड्यांच्या) मॉडेलला कोअर (प्रोसेसरमधले गणित करणारे भाग) वाढवत गेलं, तर एका टप्प्यानंतर वेळ कमी होत नाही. प्रत्येक कोअरकडे काम थोडं उरतं आणि आपसातल्या निरोपांतच वेळ जातो. दोन मशीन जोडायची असतील तर इन्फिनिबँडसारखं जलद नेटवर्क असलेलाच प्रकार घ्यावा लागतो. आम्हाला खरा उपयोग झाला तो वेगळाच: कोन, खोली, दाब बदलून केलेले सगळे पर्याय संध्याकाळी स्लर्म या कामं वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या रांगेत लावायचे, प्रत्येकाला स्वतंत्र मशीन. सकाळी दाब-प्रवाहाचे आलेख समोर. आता ग्राहकाशी बोलणं आकड्यांवर होतं, अंदाजावर नाही.

भाव बघताना एक गोष्ट नीट तपासा. बहुतेक इंटेल मशीनवर ९६ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) म्हणजे खरे ४८ कोअर. ओपनफोमचा वेग मेमरीच्या बँडविड्थवर (मेमरीतून डेटा येण्याच्या वेगावर) अडतो, त्यामुळे हायपरथ्रेडिंगचा, म्हणजे एका कोअरचे दोन दाखवण्याचा, फायदा जवळपास शून्य.

स्पॉट मशीन, म्हणजे क्लाउड कंपनीकडे त्या वेळी रिकामी असलेली मशीन, फारच स्वस्त पडतात, पण केव्हाही काढून घेतात. ॲमेझॉनवर दोन मिनिटं आधी सूचना येते, गूगल आणि अझूरवर तीसच सेकंद. ओपनफोमच्या कंट्रोलडिक्ट या सेटिंगच्या फाइलमध्ये राइटइंटरव्हल (किती अंतराने साठवायचं ते) लहान ठेवा, स्टार्टफ्रॉमला (कुठून सुरू करायचं त्याला) लेटेस्टटाइम द्या. मशीन गेलं तरी रन शेवटच्या साठवलेल्या जागेवरून पुढे चालू होतो. आम्ही आता जवळजवळ सगळं स्पॉटवरच चालवतो.

बिल फुगतं ते दोन ठिकाणी. मशीन बंद केलं तरी डिस्कचं भाडं चालूच राहतं. डेटा वर चढवायला पैसे नाहीत, खाली उतरवायला आहेत. म्हणून निकाल चित्रांत दाखवणाऱ्या पॅराव्ह्यू सॉफ्टवेअरचा सर्व्हर तिकडेच चालवतो, इकडे फक्त चित्रं येतात.

तक्रार एकच, पण मोठी. नव्या खात्याला कोअरची मर्यादा असते, ती वाढवून घेताना फार ताटकळावं लागलं. दरवेळी तेच ठरावीक उत्तर. छोट्या गावातल्या छोट्या कारखान्याचं कामही खरंच असतं, हे त्यांना कळायला हवं. हंगामाच्या तोंडावर घेणार असाल तर ही मर्यादा आधीच वाढवून घ्या.

विद्यापीठात पीएचडी करणाऱ्यांनी मात्र पैसे भरण्याआधी गाइडना विचारावं. २०१५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सुपरकंप्युटिंग मोहिमेतून देशभर यंत्रं बसली आहेत, पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत परम ब्रह्म हा सुपरकंप्युटर आहे. तिथे वेळ मिळाला तर क्लाउडचा खर्च फक्त घाईच्या रनपुरता ठेवता येईल.