वेंगुर्ल्याच्या हवेत छोटी आर्चटॉप: पाडव्यापासून दिवाळीपर्यंतचा वापर

छोट्या बॉडीच्या आर्चटॉप गिटारविषयी (जिची वरची पाटी, म्हणजे टॉप, व्हायोलिनसारखी कमानदार असते) कुणाला विचारलं की उत्तर रुंदीच्या इंचांत मिळतं. ही सोळा इंची, ती पावणेपंधरा इंची, आणि विषय संपला. मी गेल्या पाडव्याच्या आसपास आयबानेझ जीबी-१० वापरलेली घेतली. त्याआधीची काही वर्षं माझ्याकडे गोडिनची फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू किंगपिन आहे, ती अजूनही आहेच. पणजीतल्या एका ज्येष्ठ वादकांची गिब्सन ईएस-१७५ त्यांच्याकडे गेलो की निवांत वाजवायला मिळते. उन्हाळा, पूर्ण पावसाळा आणि दिवाळीची कोरडी हवा असे सगळे दिवस या गिटारींबरोबर काढल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: रुंदीचा आकडा दुय्यम. बॉडी किती खोल आहे यावर तुमचा उजवा खांदा ठरतो, आणि टॉप कशाचा, कसा बनवला आहे यावर तुमचा पावसाळा ठरतो.

मी काय वाजवतो ते आधी सांगतो, म्हणजे मताची किंमत करता येईल. घरी रोज कॉर्ड-मेलडी, म्हणजे चाल आणि तिचे कॉर्ड एकट्याने एकत्र वाजवणं. शनिवार-रविवारी शिरोडा ते पणजी पट्ट्यातल्या छोट्या हॉटेलांत डबल बास आणि ब्रशवर वाजणारा ड्रम यांच्या जोडीला जुनी जॅझ स्टँडर्ड्स. अँप छोटा, जागा लहान, श्रोते हातभर अंतरावर.

आर्चटॉप मुळात मोठी झाली ती आवाजासाठी. गिब्सनची एल-५ १९२२ साली आली तेव्हा १६ इंचांची होती. पुढे ट्रंपेट-सॅक्सोफोनच्या रांगेपुढे गिटार ऐकू यावी म्हणून ती १७ इंचांची झाली, आणि १९३४ ची सुपर ४०० तर १८ इंचांची. (आपल्याकडे पंडित ब्रिजभूषण काब्रांनी हिंदुस्थानी संगीतासाठी हीच सुपर ४०० मांडीवर आडवी घेऊन वाजवली. आडवी घेतल्यावर रुंदीचा त्रास उरतच नाही, हे त्यांचं वादन पाहताना लगेच लक्षात येतं.) १९३६ मध्ये ईएस-१५० पिकअप (तारांचं कंपन अँपला पोचवणारा चुंबकी भाग) घेऊन आली, चार्ली ख्रिश्चनच्या हातात ती गाजली, आणि तेव्हापासून मोठ्या खोक्याची सक्ती संपली. १९४९ ची ईएस-१७५ तर मॅपलच्या प्लायची (पातळ थर चिकटवलेल्या लाकडाची), दाबून कमान दिलेल्या टॉपची. १७५ डॉलर किंमत म्हणून तेच नाव. जिम हॉल, जो पास, पॅट मेथिनी या तिघांनी वर्षानुवर्षं हीच वाजवली. जॅझ गिटारचा जो आवाज आपल्या कानात बसला आहे, त्यातला मोठा भाग या प्लायच्या खोक्यातून आला आहे.

आता मुद्दा खोलीचा. ईएस-१७५ ची रुंदी १६.२५ इंच आणि खोली ३.३७५ इंच. जीबी-१० ची रुंदी १४.७५ इंच, म्हणजे तब्बल दीड इंच कमी, पण खोली जवळपास तेवढीच. बसून वाजवताना हा फरक फार विचित्र जाणवतो. मांडीवर जीबी-१० लहान वाटते, खाली वाकून बघावं लागत नाही, डावा हात शरीराच्या जवळ येतो. पण उजवा कोपर बॉडीच्या कडेवर ठेवलात की खांदा १७५ वर उचलला जातो तेवढाच उचलला जातो. ज्यांना खांद्याचा त्रास आहे आणि म्हणून छोटी आर्चटॉप शोधताहेत, त्यांनी हे नीट ध्यानात घ्यावं. इंच कमी झाले म्हणून खांद्याला आराम मिळेलच असं नाही.

याचा उलटा पुरावाही आहे. १९५५ मध्ये बिली बर्ड आणि हँक गार्लंड या दोन वादकांच्या मागणीवरून गिब्सनने बर्डलँड काढली. ती रुंदीला १७ इंच, पण खोलीला फक्त सव्वादोन इंच, आणि स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, साडेतेवीस इंच. दिवसभर वाजवणाऱ्या माणसांनी रुंदी राहू दिली आणि जाडी कमी करून घेतली. १९५८ ची ईएस-३३५ सुद्धा १६ इंच रुंद आहे. पण जाडी पावणेदोन इंचांच्या आत असल्यामुळे ती कुशीत घेतल्यावर १७५ शी तिचं काही नातं आहे असं वाटतच नाही. किंगपिन १६ इंची असूनही हाताला जीबी-१० पेक्षा जरा सपाट लागते, वजनाला हलकी आहे, आणि लांब रियाजाला मी अजूनही तीच उचलतो. दोन तास वाजवल्यावर खांदा मोकळा राहतो तो तिच्यावर.

डाव्या हाताचं सांगण्यासारखं थोडंच आहे, कारण तिन्हींचं स्केल जवळपास एकच. गिब्सन आणि आयबानेझ २४.७५ इंच, गोडिन २४.८४. साडेपंचवीस इंची मोठ्या आर्चटॉपवरून येणाऱ्याला पहिल्या चार फ्रेटवरचे ताणलेले कॉर्ड एकदम आवाक्यात आल्यासारखे वाटतील. माझी किंगपिन कटअवेशिवायची (मानेजवळ बॉडीला खाच नसलेली) आहे, त्यामुळे चौदाव्या फ्रेटच्या पुढे हात अडतो. कॉर्ड-मेलडीत मला तिकडे क्वचितच जावं लागतं. जीबी-१० वर मात्र वरच्या फ्रेटवर जाऊन सिंगल नोट लाइन घेण्याचा मोह सतत होतो, कारण हात सहज पोचतो. गिटार बदलली की वाजवण्यात येणाऱ्या जागाही बदलतात.

आवाज. अँपशिवाय वाजवलं तर १७५ बसकी, जाड, पटकन विझणारी. तिचा हा लवकर विझणारा सूरच मला सगळ्यात प्रिय आहे. एका कॉर्डनंतर दुसरा कॉर्ड घेताना मागचा त्यात मिसळत नाही, प्रत्येक आवाज वेगळा उभा राहतो. किंगपिन कॅनडातल्या रानचेरीच्या प्लायची आहे. ती अँपशिवाय तिघींत सगळ्यात मोठ्याने बोलते, मधल्या सुरांत थोडी नाकातून. जीबी-१० चा टॉप स्प्रूसचा आहे आणि दोन्ही पिकअप टॉपला न चिकटता तरंगते बसवलेले आहेत, त्यामुळे टॉप मोकळा हलतो. तिच्या पहिल्या-दुसऱ्या तारेत काचेसारखी एक चमक आहे जी बाकी दोघींत नाही. पण खालचे सूर पातळ. खोकं लहान, आतली हवा कमी, त्यामुळे खोकं ज्या सुराला आपोआप घुमतं तो सूर वर सरकतो, आणि सहाव्या तारेखाली जो गादीसारखा आधार १७५ देते तो इथे मिळत नाही. आमच्या शेजारचे पेटीवाले अण्णा, गणपतीतल्या भजनांना त्यांच्याबरोबर मी बसतो, त्यांनी पहिल्यांदा ऐकून सांगितलं, "आवाज गोड आसा, पण लांब जाणा नाय." अँपशिवाय हे अगदी बरोबर आहे. भजनाला मी किंगपिनच नेतो.

अँप लावल्यावर मात्र हीच उणीव कामाला येते. १९७७ मध्ये जॅझ गिटारवादक जॉर्ज बेन्सनबरोबर ही जीबी-१० आखली गेली ती मोठ्या आवाजाच्या मंचासाठीच, जिथे मोठं खोकं अँपसमोर हमखास घुमू लागतं. हॉटेलच्या कोपऱ्यात ड्रमपासून चार फुटांवर बसून मी १७५ वाजवून पाहिली आहे. सहाव्या तारेवरचा जी किंवा ए घेतला की खोकं स्वतःच गाऊ लागतं, आणि तळव्याने तार दाबून धरावी लागते. जीबी-१० वर त्याच जागी, त्याच आवाजाला मी निर्धास्त असतो. बासवाला असताना खालचा आधार तसाही तोच देतो. उलट दोघांचे खालचे सूर एकमेकांत गुंतत नाहीत, आणि बास वाजवणारा मित्र यावर माझ्यापेक्षाही खूश आहे. एकट्याने वाजवायचं असेल तर ही गिटार अपुरी वाटेल, तिघांत बसलं तर हीच हवी, इतका सरळ फरक आहे.

किंगपिनमधला पी-९० पिकअप सिंगल कॉइल, म्हणजे तारेच्या एकाच वेटोळ्याचा आहे. त्याचा आवाज मला मनापासून आवडतो, पण जिथे अर्थिंग नीट नाही तिथे तो घूं घूं करतो, आणि किनाऱ्यावरच्या जुन्या इमारतींत अर्थिंग नीट असणं ही चैनीची गोष्ट आहे. हंबकरमध्ये दोन कॉइल उलट्या जोडलेल्या असल्याने ही गुणगुण एकमेकींना खाऊन टाकते. बाहेर वाजवायला जाताना मी हंबकरवाली, म्हणजे जीबी-१०, नेतो, त्याचं हे एक साधं कारण.

आणि आता पाऊस, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

लाकडाच्या वाद्याला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. जुलैत आमच्या जांभ्याच्या, कौलारू घरात माझा काटा ८५ च्या खाली येत नाही, झड लागली की ९० च्या वर जातो. लाकूड ओल पितं आणि रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं. अखंड फळीतून कोरलेला टॉप दोन्ही कडांना बरगड्यांनी, म्हणजे बॉडीच्या बाजूंनी, धरलेला असतो. फुगायला आडवी जागा नसते, म्हणून कमान वर उठते. कमानीवर ब्रिज (तारांची घोडी) बसलेला, ब्रिजवर तारा. म्हणजे अ‍ॅक्शन, तारांची फ्रेटपासूनची उंची, वर. रत्नागिरीच्या एका मित्राकडे कोरीव टॉपची १६ इंची आर्चटॉप आहे, अतिशय देखणी, आवाजाला तिघींपेक्षा सरस. श्रावणात तिची अ‍ॅक्शन इतकी वर गेली की बाराव्या फ्रेटवर बोट दुखायला लागलं. दिवाळीनंतर ती खाली आली आणि तारा फ्रेटवर घासून वाजू लागल्या. गिटार बिघडलेली नाही. चांगलं लाकूड हवेला असंच उत्तर देतं. पण वर्षातून दोनदा सेटअप करून घेण्याची तयारी आणि जवळपास जाणकार माणूस हवा.

प्लायमध्ये एका थराच्या रेषा दुसऱ्याच्या आडव्या असतात, प्रत्येक थर शेजारच्याला फुगू देत नाही. माझ्या किंगपिनची अ‍ॅक्शन वैशाखात होती तीच आश्विनात होती. मी मोजपट्टी लावून पाहिली. पणजीच्या १७५ चे मालक सांगतात की त्यांनी कित्येक पावसाळ्यांत ब्रिजला हात लावलेला नाही. जीबी-१० या दोन टोकांच्या मधली. स्प्रूस थोडा उठला, पण रुंदीच कमी असल्यामुळे फुगायला लाकूडही कमी. ब्रिजची चाकं दोन्ही बाजूंनी जराशी खाली फिरवली, काम झालं. ऑक्टोबरमध्ये परत वर घेतली. मानेला किंचित बाक आला होता, तो ट्रस रॉडच्या (मानेतल्या बाक सरळ करणाऱ्या सळीच्या) पाव आट्याने गेला. छोट्या बॉडीचा हा फायदा मला कुठेच वाचायला मिळाला नव्हता, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्याला तो सगळ्यात मोलाचा आहे.

ठेवण्याची पद्धत जुनीच. पेटीवाले आपली पेटी ठेवतात तशा लाकडी कपाटात तळाशी छोटा बल्ब, गिटार त्यापासून लांब, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या आणि एक डिजिटल काटा. कपाटातला काटा ६०-६५ वर राहतो, तेवढं पुरतं. लाइट गेली की कपाट उघडायचं नाही. ब्रिज फक्त तारांच्या ताणावर उभा असतो, म्हणून तारा बदलताना सगळ्या एकदम काढू नका. एक काढा, एक लावा. ब्रिजच्या कडेला मास्किंग टेपची बारीक खूण केलीत तर तो सरकला तरी जागा सापडते.

तारांबाबत खारी हवा माफ करत नाही. राउंडवाउंड तारांच्या खाचांत घाम आणि मीठ बसतं आणि पावसाळ्यात त्या बघता बघता निस्तेज होतात. फ्लॅटवाउंडवर गुंडाळी सपाट पट्टीची असते, खाच नसते, वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने पुसली की महिनोन्‌महिने चालते. मी डॅडारिओ क्रोम्स या फ्लॅटवाउंड तारांचा बाराचा संच (पहिली तार ०.०१२ इंच जाड) लावतो. गुंडाळी स्टेनलेस स्टीलची असल्याने गंजाला दाद देत नाही. पहिली-दुसरी तार साधी असते, ती मात्र गंजते, म्हणून त्या दोन सुट्या घेऊन ठेवतो आणि काळे ठिपके दिसले की तेवढ्याच बदलतो. सोनेरी मुलाम्याच्या चाव्या आणि टेलपीस असलेली कुठलीही गिटार घेतलीत तर मुलामा समुद्राकाठी आधी जाणार हे गृहीत धरा. वाजण्यावर त्याचा परिणाम नाही.

कुणी आज विचारलं तर असं सांगेन. घरी एकटे वाजवणार असाल, भजनाला, मैफलीला अँपशिवाय बसणार असाल, तर सोळा इंची प्लायची घ्या, किंगपिनसारखी. पैसेही कमी लागतात. तिघा-चौघांत, अँपच्या जवळ बसून वाजवायचं असेल तर पावणेपंधरा इंचीला पर्याय नाही. खांद्याचा त्रास असेल तर दोन्ही सोडा आणि अडीच इंचांहून कमी खोलीची शोधा. कोरीव टॉपची घ्यायची असेल तर जरूर घ्या, आवाज तसा दुसरीकडे मिळत नाही, पण ती आषाढात हातात घेऊन बघा. मार्चमध्ये दुकानात सगळ्याच गिटारी सारख्याच सोप्या वाजतात.

मी स्वतः दोन्ही ठेवणार आहे. १७५ चा तो लवकर विझणारा सूर अजून डोक्यातून गेलेला नाही, आणि जीबी-१० वर जाड तारा लावून, टोन बराच खाली घेऊन मी त्याच्या किती जवळ जाता येतं ते बघतोय. तेराचा संच मागवला आहे. मानेवर ताण वाढेल, त्यामुळे लावल्यावर पहिला आठवडा रोज ट्रस रॉड तपासणार.